सुंता करायची की नाही? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात लहान मुलांच्या लघवीच्या इन्फेक्शनवर लिहिताना मी एका ओळीत सुंतेचा, म्हणजे लिंगाच्या टोकावरची कातडी काढायच्या ऑपरेशनचा, उल्लेख केला होता आणि त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. बहुतेकांवर नाव नाही. एकांनी तर पाकिटावर "फक्त डॉक्टरांनीच उघडावे" असं लिहून पाठवलंय. मला बरंच वाटलं, विचारलं तरी! गेली बावीस वर्षं तालुक्याच्या गावी सर्जन म्हणून काम करतोय आणि या एका जागेच्या दुखण्यात लोकांनी नुसत्या लाजेपायी घालवलेला वेळ मी फार बघितलाय. म्हणून यावेळी अख्खं सदर याच विषयाला. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. शू करताना त्याची पुढची कातडी फुग्यासारखी फुगते आणि मग धार येते. कातडी मागे जातच नाही. तो बाळ असताना मालिशवाल्या मावशी रोज तेल लावून ती मागे ओढायच्या, तो जीव तोडून रडायचा म्हणून मी बंद केलं. आता सासूबाई म्हणतात तेव्हा ओढू दिलं असतंस तर ही वेळ आली नसती. इथल्या एका डॉक्टरांनी सुंता करून टाका म्हणून सांगितलंय. खरंच करावी लागेल का? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तुम्ही ते ओढणं बंद केलंत हे अगदी बरोबर केलंत, हे आधी सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. मुलगा जन्माला येतो तेव्हा ही कातडी आतल्या गोल भागाला चिकटलेलीच असते, ती तशीच असायची असते. इंग्लंडमधे १९४९ साली गेर्डनर नावाच्या डॉक्टरांनी नवजात मुलं तपासली तेव्हा १०० मधल्या फक्त ४ बाळांची कातडी पूर्ण मागे जात होती. पुढे १९६८ मधे डेन्मार्कच्या शाळकरी मुलांचा अभ्यास छापून आला, त्यात ६-७ वर्षांच्या मुलांमधे कातडी घट्ट असलेली १०० त ८ होती आणि तीच १६-१७ व्या वर्षी १०० त १ राहिली. म्हणजे मधल्या वर्षांत काही न करता, नुसती वाट बघून ती सुटी झाली. तुमचा मुलगा ४ वर्षांचा आहे, त्याच्याकडे अजून भरपूर वेळ आहे.

आणि ती जी मालिशवाल्या मावशींची पद्धत आहे ना, ती आपल्याकडे घरोघरी आहे, त्या बायका प्रेमाने करतात, बाळाची स्वच्छता व्हावी म्हणूनच करतात, पण चिकटलेली कातडी जोराने सोडवली की आत बारीक चिरा पडतात, चिरा भरताना व्रण होतो, आणि व्रण झालेली कातडी पुढे खरोखरच आखडते. म्हणजे जे होऊ नये म्हणून ओढतात तेच ओढण्याने होतं. माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एखादं बाळ येतं ज्याची कातडी मागे ओढली आणि मग पुढे आलीच नाही, सगळं सुजून लाल, आई रडतेय, आजी रडतेय. घरी तान्हं बाळ असेल त्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, बाहेरून साध्या पाण्याने धुवा, बस. मागे ओढू नका. डेटॉल नको, आत तेल नको. कातडीखाली कधी पांढरे दाणे दिसतात, पू नसतो तो, सुटी होणाऱ्या त्वचेचा मळ असतो, आपोआप बाहेर येतो. मुलगा मोठा झाला की अंघोळीच्या वेळी स्वतःच हळूहळू मागे घ्यायला शिकतो, जितकी सहज जाते तितकीच, आणि धुऊन झाल्यावर परत पुढे आणायची हे मात्र त्याला नक्की शिकवायचं.

राहिलं फुगणं. नुसतं फुगतं, धार नीट येते, दुखत नाही, तर त्यासाठी ऑपरेशनची गरज नसते. काळजी कधी करायची ते सांगतो: कातडीच्या टोकाला पांढरट, कडक, चामड्यासारखी रिंग दिसायला लागली, शू करायला जोर लावावा लागतोय, थेंबथेंब होतेय, पुन्हापुन्हा सूज येऊन पू येतोय, किंवा लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप येतोय. यातलं काही असेल तर दाखवा. आणि तेव्हासुद्धा बऱ्याचदा आधी मलम देतात, बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड, दिवसातून दोनदा पातळ थर, ४ ते ८ आठवडे, आणि बहुतेक मुलांची कातडी त्याने सैल होते. पण हे डॉक्टरांनी बघून लिहून दिलेलं मलम हां, मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेलं नाही, त्या ट्यूबमधे तीन-चार औषधं एकत्र असतात आणि स्टिरॉइडही फार जोरकस असतं, नाजूक कातडी पातळ पडते. फक्त ती पांढरी कडक रिंग असेल तर मात्र बहुतेक वेळा सुंताच करावी लागते, तिथे टाळाटाळ करू नका. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी एकदा मुलांच्या सर्जनचं दुसरं मत घ्या म्हणजे तुम्हालाही झोप लागेल.

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीला असते, पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे, मी तिकडेच निघालेय. मुलगा झाला तर सुंता करायची का असं हॉस्पिटलने आधीच फॉर्मवर विचारलंय म्हणे! जावई म्हणतात तिकडच्या शाळेत मुलं चिडवतील, करून टाकू. मला काही पटत नाहीये पण मी अडाणी ठरायला नको. – एक होणारी आजी, पुणे

उत्तर: आजी, तुमचा प्रश्न अजिबात अडाणी नाही, यावर मोठमोठ्या संस्थांचंही एकमत नाही. अमेरिकेत हे धर्मामुळे नाही तर रिवाजामुळे होतं. १९व्या शतकाच्या शेवटाला तिथल्या डॉक्टरांनी ते लावून धरलं, त्यात स्वच्छतेचा विचार होता आणि मुलांच्या "वाईट सवयी" मोडायचा खुळा विचारही होता, आणि मग ते हॉस्पिटलमधल्या बाळंतपणाबरोबर पसरलं ते पसरलंच. आता प्रमाण उतरत चाललंय, निम्म्याच्या आसपास आलंय, त्यामुळे शाळेत चिडवतील ही भीती जावईबापूंनी मनातून काढायला हरकत नाही, वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असणार.

फायद्याचं म्हणाल तर, पहिल्या वर्षात मुलांना लघवीचं इन्फेक्शन होण्याचं प्रमाण मुळात १०० त १ च्या आसपास असतं आणि सुंतेने ते बरंच खाली येतं. पण हिशोब करून बघा, एका बाळाचं इन्फेक्शन टाळायला शंभराहून जास्त बाळांची सुंता करावी लागते. ज्या बाळाला जन्मतः मूत्रमार्गाचा दोष आहे, लघवी उलटी किडनीकडे जातेय, त्याच्यासाठी हा हिशोब एकदम बदलतो, तिथे मी स्वतः सुंता सुचवतो. मोठेपणी काही लैंगिक आजारांपासून थोडं संरक्षण मिळतं, लिंगाचा कॅन्सर बालपणी सुंता झालेल्यांत फार क्वचित होतो. दुसऱ्या बाजूला रक्तस्राव, इन्फेक्शन, कातडी कमीजास्त कापली जाणं, नंतर लघवीचं छिद्र अरुंद होणं. बाळाच्या वयात अशा तक्रारी १०० त एक-दीड, बहुतेक किरकोळ, पण एखादी गंभीर असू शकते.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मधे म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट सगळ्यांची करा असं सांगण्याइतके नाहीत, आईबापांनी ठरवावं. शेजारच्या कॅनडातल्या संघटनेने २०१५ मधे सरसकट करू नये असं सांगितलं. नेदरलँड्सचे डॉक्टर तर २०१० पासून म्हणतायत की कारण नसताना मुलाच्या शरीराला हात लावू नका, मोठा झाल्यावर त्याला ठरवू द्या. मला विचाराल तर माझा कल या शेवटच्या विचाराकडे आहे, बाळ धडधाकट आहे तर घाई कशाला. पण निर्णय मुलीचा आणि जावयांचा. त्यांनी करायचीच ठरवली तर तीन गोष्टी विचारायला सांगा: जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं (रक्त गोठायला लागतं ते) इंजेक्शन दिलंय ना, जागा बधिर करून करणार ना, आणि दोन्हीकडच्या घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार नाही ना.

प्रश्न: वय ५२, शेती. ७ वर्षांपासून शुगर आहे. वर्षभरापासून तिथल्या कातडीला चिरा पडतात, खाज, आग, आता कातडी मागे जाणं बंद झालं. डॉक्टरांनी सुंता सांगितली. बायकोला सांगितलं तर ती रडायला लागली, भाऊ म्हणतो आपल्यात हे चालत नाही, लोक काय म्हणतील. औषधावर भागेल का? शुगरची गोळी ४ महिन्यांपूर्वी बदलली आहे. – जालना जिल्हा

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुमच्यासारखेच पेशंट माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यात उशिरा येतात.

आधी हे का होतंय ते बघा. शुगर वाढली की लघवीतून साखर जाते, ती कातडीखाली राहते, ओल असते, ऊब असते, तिथे बुरशी पोसते. मग खाज, चिरा, चिर भरली की व्रण, व्रणावर परत चिर, असं करत कातडी आवळत जाते. पन्नाशीच्या माणसाची कातडी नव्याने घट्ट झाली तर मी आधी शुगर तपासतो, कित्येकांना डायबेटिस आहे हे अशानेच कळलंय. आणि तुम्ही गोळी बदलल्याचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे, चिठ्ठीवर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही नाव आहे का ते बघा. या गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा होतो, पण त्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे या जागेचं बुरशीचं इन्फेक्शन वाढतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हा त्रास स्पष्ट शब्दांत सांगा. बरेच पेशंट त्यांना सांगतच नाहीत, सर्जनला सांगतात, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नसतं.

औषधावर भागेल का, तर कातडी अजून मऊ असेल, चिरा ताज्या असतील, तर तीन महिन्यांची सरासरी शुगर खाली आणून, बुरशीचं मलम लावून, प्रत्येक वेळी लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करून काही जणांचं भागतं. वहिनींना खाज किंवा पांढरं जाण्याचा त्रास असेल तर त्यांचंही औषध बरोबरच घ्यायचं. पण कातडी पांढरी, जाड होऊन मागे जाणंच बंद झालं असेल तर ती मलमाने परत मऊ होत नाही, तिथे सुंता हाच खरा इलाज.

लोक काय म्हणतील म्हणता, तर दादा, लोकांना कळणार कसं? धोतराखालचं ऑपरेशन आहे. आणि कळलं तरी, अपेंडिक्स काढल्याने कुणाचा धर्म बदलतो का? मुसलमान बांधव करतात ते त्यांच्या श्रद्धेने, तुमची होणार ती आजारावरचा इलाज म्हणून, शब्द एकच आहे म्हणून गोष्ट एक होत नाही. माझ्याकडे गळ्यात माळ घातलेले वारकरी आलेत, ऑपरेशन करून त्याच वर्षी वारीला गेलेत. वहिनींना एकदा बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, बायका समजून घेतात, त्यांना कुणी सांगत नाही हीच अडचण असते.

ऑपरेशन म्हणाल तर जागेपुरती भूल, अर्धा-पाऊण तास, विरघळणारे टाके, बहुतेक जण संध्याकाळी घरी. आधी शुगर आटोक्यात हवी नाहीतर जखम भरत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायची. पहिले आठ-दहा दिवस पहाटे ताठरता आली की टाक्यांवर ताण येऊन दुखतं, घाबरायचं नाही. मोटरसायकल आणि शेतातली जड कामं दोन-तीन आठवडे नको, आणि शरीरसंबंध ६ आठवडे नाहीत म्हणजे नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, जड आहे पण सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, साठीला टेकलेले. कातडी मागे न जाण्याचं दुखणं सहा वर्षं अंगावर काढलेलं, वास यायला लागला, लुंगीला डाग पडायला लागले तेव्हा मुलाने आणलं. कातडीखाली गाठ होती, कॅन्सरची. लिंगाचा बराच भाग काढावा लागला. ते मला फक्त एवढंच म्हणाले की डॉक्टर, कुणाला दाखवायचं तेच समजलं नाही. घट्ट कातडी, आत साचणारा मळ आणि सूज, एचपीव्ही नावाचा व्हायरस आणि तंबाखू, ही या कॅन्सरची मुख्य कारणं, आणि आपल्याकडे चौथ्यावर तर बोलायलाच नको. म्हणून कातडीखाली गाठ लागतेय, तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम आहे, रक्त किंवा घाण वासाचा स्राव आहे, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि ऑपरेशन झालं की काढलेली कातडी तपासणीला पाठवा असं डॉक्टरांना आवर्जून म्हणा. लवकर सापडलं तर अवयव वाचतो. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण कातडी मागेच जात नाही म्हणजे आत काय आहे ते तुम्हालाही दिसत नाहीये, म्हणून सुगीनंतर करू असं म्हणत पुढे ढकलू नका. तंबाखू खात असाल तर तीही आजपासून सोडा.

प्रश्न: सुंता केली तर एचआयव्ही होत नाही असं हॉस्टेलवर मुलं म्हणतात. खरं आहे का सर? – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: "होत नाही" हे साफ चुकीचं, "शक्यता कमी होते" हे खरं. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू आणि युगांडात राकाई अशा तीन ठिकाणी मिळून ११ हजारांवर पुरुषांवर चाचण्या झाल्या, निम्म्यांची सुंता लगेच, निम्म्यांची नंतर. २००५ ते २००७ मधे निकाल आले, सुंता झालेल्यांमधे लागण ५० ते ६० टक्के कमी होती, फरक इतका स्पष्ट की चाचण्या मधेच थांबवून उरलेल्यांनाही ऑपरेशन देऊ केलं. कातडीची आतली बाजू नाजूक असते आणि तिच्यात या व्हायरसला चटकन पकडणाऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून असं होतं. २००७ मधे जागतिक आरोग्य संघटनेने पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जास्त लागण असलेल्या देशांसाठी याची शिफारस केली आणि तिथे आजवर ३ कोटींवर पुरुषांनी करून घेतली.

पण नीट ऐक. हे संरक्षण बाईकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीपुरतं आहे, आणि तेही अर्धंच. त्याने तुझ्या जोडीदाराचं थेट संरक्षण होत नाही. जखम भरायच्या आत संबंध आले तर धोका उलट वाढतो. आपल्याकडे मोठ्या माणसांतलं लागणीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे सरकारने अशी मोहीम घेतलेली नाही आणि ते मला बरोबरच वाटतं. तुझ्यासाठी कंडोम आणि शंका आली की तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव बाहेर जात नाही. हॉस्टेलवरच्या मित्रांना हे वाचून दाखव.

प्रश्न: आदाब डॉक्टरसाहेब. मुलगा ५ वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत खतना करायचा आहे. आमच्याकडे वडिलोपार्जित करणारे हज्जाम चाचा आहेत, माझाही त्यांच्या वडिलांनीच केला. अब्बांचा आग्रह घरीच करायचा. पण मागच्या वर्षी भाच्याचं रक्त थांबेना, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. काय करावं? – मिरज

उत्तर: भाईजान, खतना जरूर करा, दवाखान्यात करा. चाचांच्या हाताला अनुभव असेल, मी तो नाकारत नाही, पण त्यांच्याकडे भूल नाही, निर्जंतुक केलेली अवजारं नाहीत आणि रक्त सुरू झालं तर टाका घालायची सोय नाही. पाच वर्षांच्या मुलाला चौघांनी धरून ठेवायचं, ती भीती कित्येकांच्या मनात मोठेपणीही राहते. दवाखान्यात झोपेची भूल देतात, वर जागा बधिर करतात, मूल उठतं तेव्हा झालेलं असतं. दुवा, मिठाई, नवे कपडे, पाहुणे, सगळं घरी करा ना, अब्बांना ते सांगून बघा.

आणि भाच्याबद्दल जे लिहिलंय त्याने मला जास्त काळजी वाटली. भाचा बहिणीचा असेल तर रक्त न गोठण्याचा आजार तुमच्या घराण्यात, म्हणजे तुमच्या अम्मीकडून येत असण्याची शक्यता तपासायला हवी. तसा तो असला तर वडिलांकडून मुलाला सहसा येत नाही, पण तुमच्या बेगमच्या बाजूचीही चौकशी करा, त्यांच्या भावांना, मामांना दात काढल्यावर वगैरे रक्त थांबत नाही असं काही आहे का. भाच्याची तपासणी तर कराच, आणि तुमच्या मुलाचीही ऑपरेशनआधी रक्त गोठण्याची तपासणी सांगा. हे ज्ञान किती जुनं आहे बघा, यहुद्यांच्या तालमूद या ग्रंथात जवळपास अठराशे वर्षांपूर्वीचा नियम आहे की दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये. आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, मराठी बोलणारे यहुदी, तेही आठव्या दिवशी सुंता करतात, त्यांच्याही धर्माचा हा नियम.

आणखी एक. काही मुलांची कातडी जन्मतः अर्धवट असते, लोक म्हणतात हा तर जन्मतःच सुन्नत होऊन आलाय. अशा वेळी लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असू शकतं. त्याच्या दुरुस्तीच्या ऑपरेशनला हीच कातडी लागते, म्हणून तिथे खतना अजिबात करायचा नाही, आधी मुलांच्या सर्जनला दाखवायचं. ज्याचं लिंग चरबीत दबलेलं दिसतं त्या गुबगुबीत मुलाचंही तसंच. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, म्हणजे बाळापेक्षा तक्रारींची शक्यता थोडी जास्त, पण व्यवस्थित हातांत हे सुरक्षित ऑपरेशन आहे. त्याला आदल्या दिवशी खरं सांगा, दोन-चार दिवस दुखेल, औषध देऊ. "काही नाही करणार" असं खोटं सांगून नेऊ नका.

प्रश्न: वय २८, लग्न ठरलंय, अडीच महिने आहेत. ताठरता आली की कातडी मागे जात नाही, ओढली तर दुखतं. लेझर आणि स्टेपलरच्या जाहिराती बघतोय, "१० मिनिटांत, वेदनारहित". केल्याने ताकद कमी होते का वाढते? – ठाणे

उत्तर: ताकदीचा आणि या कातडीचा संबंध नाही, कमीही नाही, जास्तही नाही. वर सांगितलेल्या केनिया आणि युगांडाच्या चाचण्यांमधे दोन वर्षं विचारपूस केली, ताठरता, समाधान यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. काही जणांना संवेदना थोडी वेगळी वाटते हेही खरं, यावर वाद आहेत, पण दुखणारी कातडी सोडवून घेतलेल्या माणसाचं आयुष्य सोपं होतं हे मी रोज बघतो.

तुझ्याकडे अडीच महिने आहेत म्हणून लगेच तपासून घे. कधी फक्त कातडीला खालून धरून ठेवणारी त्वचेची दोरी आखूड असते, तेवढी सोडवली की काम होतं, सगळी कातडी काढावी लागत नाही. कधी मलम आणि हळूहळू ताणण्याचा व्यायाम पुरतो. सुंताच लागली तर ६ आठवडे जखमेला दे, लग्नाआधी पंधरा दिवस करून मोकळं होऊ असं करू नकोस. स्टेपलर हे कातडी कापून लगेच पिना मारणारं खरं उपकरण आहे, वेळ वाचतो, रक्त कमी जातं, पण कधी पिना अडकून राहतात आणि खर्च बराच जास्त. लेझर हा शब्द मुख्यतः जाहिरातीत जास्त चमकतो, हात कुणाचा आहे ते बघ. आणि होणाऱ्या बायकोला सांगायचं का असंही तू शेवटी विचारलं आहेस, तर हो, सांग.

प्रश्न: सासऱ्यांना लघवीची नळी घातली होती, कालपासून पुढचा भाग फुगलाय, कातडी मागे अडकल्यासारखी दिसते. नर्सबाई येणार आहेत परवा. थांबू का? – सोलापूर

उत्तर: ताई, या पत्राला मी छापायच्या आधीच फोनवर उत्तर दिलं, इथे बाकीच्यांसाठी देतोय. थांबायचं नाही, तासाभराचासुद्धा उशीर नको. नळी घालताना कातडी मागे घेतात आणि परत पुढे आणायची राहून जाते, मग ती रबर बँडसारखी आवळते, पुढे सूज, रक्तपुरवठा बंद पडू शकतो. सुजलेला भाग मुठीत धरून पाच-सात मिनिटं हळूहळू एकसारखा दाबून धरला की सूज उतरते आणि मग कातडी पुढे येते, दवाखान्यात आधी हेच करतात, नाहीच आली तर छोटा छेद देतात. वाटेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरला तर चालेल. तुमच्या सासऱ्यांची कातडी त्याच रात्री छेद न देता बसली. घरी कुणाला नळी घालायला आले की त्यांनी सामान आवरायच्या आत विचारा, कातडी पुढे आणली का?